तीन विटांवरचं डालगं

सुमन, मला भेव वाटून राहिलं. तुझ्या तोंडावर हे कधी म्हणलो नसतो, म्हणून आता म्हणतो. रोज सकाळी उठतो, तोंड धुतो, चहा घेतो, आणि मागच्या दारी तुझ्या कोंबड्यांपुढं जाऊन उभा राहतो. दाण्याच्या डब्यात हात घालून मूठभर दाणा टाकायचा, एवढंच काम हाय. पण हात पुढं जात न्हाई. वाटतं, ह्या मुठीत नेमकं काय हाय ते मला ठाऊक न्हाई, आणि मी टाकलेलं खाऊन ह्या मरतील.

तीस वर्षं वायरमनकी केली. वाऱ्यावादळात खांबावर चढलो, तुटलेल्या तारा जोडल्या. तू मी घरी येईस्तोवर घासभर खायची न्हाईस आणि मी तुला हसायचो. म्हणायचो, अगं, लाईन बंद केल्याशिवाय कोण हात लावतंय? परमिट घेतो, टेस्टर लावून बघतो, मग चढतो, त्यात भ्यायचं काय? आता कळून राहिलं मला भ्यायचं काय ते. दाण्याला टेस्टर न्हाई. तारेला चुकून हात लागला तर तिथंच निकाल लागतो. दाण्यात चुकलं तर आठ-दहा दिवसांनी कळतं, आणि तोवर त्या मुक्या जीवाच्या पोटात व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

आणि तुझं ते खटलं काय एका जातीचं होतं का? दोन म्हाताऱ्या गावरान, ज्यांनी अंडी देणं कधीच सोडलं, पण तू कापू देत नव्हतीस. चार तपकिरी, अंड्यावरच्या, गाडीवाल्याकडून पिल्लं असताना घेतलेल्या. एक कोंबडा, तो तर माझ्या पायजम्याचा दुश्मन. पाच तलंगा, दोन महिन्यांच्या, अजून अंड्यावर यायच्या होत्या. आणि ती लाल कोंबडी, सदा खुडूक, अंडी उबवायला टपलेली. एवढ्याशा अंगणात म्हातारी, लेकुरवाळी, वयात येणारी, सगळी एकाच वेळी भुकेली. तू म्हणायचीस, ह्यांचं अंगण एक हाय, पोट एक न्हाई. मी म्हणायचो, कोंबडी ती कोंबडी.

तुझा त्यांच्यासाठीचा स्वयंपाक आठवतो. घरात सोयाबीनचं पोतं पडलेलं असायचं. मी म्हणलो, टाक की त्यातलं दोन मुठी, ताकद येईल त्यांना. तू म्हणलीस, कच्चं पचत न्हाई, वाढ खुंटती. आणि तव्यावर सोयाबीन भाजत बसलीस. इकडं माझा चहा गार. मी तणतणलो, कोंबड्याला गरम आणि नवऱ्याला गार, ही कुठली रीत? तू उलथनं हलवता हलवता म्हणलीस, "तुमी अंडं देता का?" शेजारच्या शमीमभाभी भिंतीपलीकडून एवढ्या हसल्या की मला घरात जावं लागलं.

ज्वारी तू नाकाला लावून बघायचीस. पावसात भिजून काळी पडलेली, कुबट वासाची ज्वारी खड्डा करून पुरायचीस, त्यांच्यापुढं जाऊ द्यायची न्हाईस. अंड्याची टरफलं पत्र्यावर वाळवून ठेचायचीस आणि मातीच्या परळात वेगळी ठेवायचीस, दाण्यात मिसळायची न्हाईस. मी विचारलं, काहून गं वेगळी? तू म्हणलीस, जिला लागतं ती आपल्या पायानं येऊन खाती, जिला न्हाई लागत ती तिकडं बघत पण न्हाई. मला वाटलं, रिकामपणाचे उद्योग. तसं बोललो पण मी. ते शब्द परत घ्यायची सोय असती तर आज घेतले असते.

आपलं शेवटचं भांडण पोत्यावरून झालं. तपकिरी कोंबड्या बिनकवचाची, कातड्याची अंडी देऊ लागल्या होत्या आणि तू कष्टी झाली होतीस. मी कळमनुरीकडून लग्नावरून येताना वारंगा फाट्याला गाडी थांबवली, दुकानदाराला विचारलं आणि अंड्यावरच्या कोंबड्यांचा दाणा घेतला, पोतंभर. मोटरसायकलला बांधून कुरुंद्याला घरापर्यंत आणलं. मला वाटलं, तू खूश होशील. तू पोतं सोडलंस, चिमूटभर दाणा हातावर घेतलास, त्यातले पांढरे खडे बोटानं वेगळे केलेस. म्हणलीस, ह्याच्यात चुनखडी लई हाय. अंड्यावरच्या चौघींना बराबर हाय हे. तलंगांना न्हाई चालत, पिल्लांना तर न्हाईच न्हाई.

मला राग आला. मी म्हणलो, पोत्यावर कोंबडीचं चित्र हाय, तलंग काय बकरी हाय का? एक पोतं, एक परात, सगळ्यांनी खावं, असं चार चुली मांडल्यासारखं कशाला? तू पोत्याचं तोंड बांधलंस आणि आत गेलीस. पुढं दोन दिवस आपण कामापुरतं बोललो. जेवायला बसलो की मी मुद्दाम कोंबड्यांचा विषय काढायचो आणि तू मुद्दाम भाजी वाढायचीस. त्याच्यातच तू खुडूक लाल कोंबडीखाली अंडी ठेवलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझं तोंड सुजलेलं होतं, दम लागत होता, आणि दुपारी आपण नांदेडच्या दवाखान्यात होतो. भांडण राहिलं ते राहिलंच.

गाडीत बसताना तू माझा हात धरून काहीतरी सांगत होतीस. "तलंगाचं डालगं..." एवढं म्हणलीस आणि दम लागला. मी म्हणलो, व्हय व्हय, बघतो. मला वाटलं, झाडून ठेवायला सांगून राहिली.

आपली लेक मनीषा परभणीहून आली आणि तुझ्यापाशी दवाखान्यात राहिली. मी रोज सकाळी कोंबड्यांचं करून नांदेडला यायचो, दिवस मावळायला घरी परत. शमीमभाभी म्हणल्या होत्या, भाऊ, कोंबड्यांचं मी बघते. मीच नको म्हणलो. मला वाटलं, एवढं तर आपल्याला जमतंय.

पहिल्याच दिवशी मला ते डालगं दिसलं, कोंबड्या झाकायची बांबूची टोपली. पालथं, तीन विटांवर टेकवलेलं, खाली फट, आत एक छोटी परात. मला वाटलं, घाईत वाकडंतिकडं राहून गेलं. तुला माझा स्वभाव ठाऊक हाय, खांब जरा तिरपा दिसला तरी मला चैन पडत न्हाई. मी विटा काढल्या, भिंतीला रचून ठेवल्या, डालगं खुंटीला टांगलं. मग मोठ्या परातीत पोत्यातला दाणा ओतला आणि सगळ्यांना सोडलं. म्हाताऱ्या, तपकिरी, तलंगा, कोंबडा, सगळे एका परातीवर तुटून पडले. मला लई समाधान वाटलं, सुमन. मनात म्हणलं, बघ, झालं का न्हाई एका परातीत.

आठ-नऊ दिवसांनी एक तलंग अंग फुगवून कोपऱ्यात बसली. नुसतं पाणी प्यायची, खायची न्हाई. विष्ठा पांढरी, पाण्यासारखी. दुसऱ्या दिवशी मेली. लिंबाखाली पुरली. मला वाटलं, रोग असंल. दोन दिवसांत दुसरी तशीच गेली. तिला पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडं नेली. त्यांनी पेपर अंथरून ती फाडली. आतून चुन्याचा हात मारल्यासारखं पांढरं होतं, सगळीकडं. त्यांनी विचारलं, खायला काय देता? मी सांगितलं. ते म्हणले, "वायरमनसाहेब, अंड्यावरच्या कोंबडीचा दाणा वाढत्या तलंगाला घातला? तिची किडनी गेली."

आदल्याच दिवशी नांदेडच्या डॉक्टरनं मला आणि मनीषाला खुर्चीवर बसवून तुझ्याबद्दल हाच शब्द सांगितला होता. मी पेपर गुंडाळला आणि बाहेर पायरीवर बसलो. तुला दवाखान्यात कधीचंच मीठ कमी खा म्हणलेलं होतं, आणि जेवताना लोणच्याची बरणी तुझ्यापुढं मीच सरकवायचो, एक फोड घे म्हणायचो, त्यानं काय होतंय म्हणायचो. त्या पायरीवर मला पहिल्यांदा वाटलं की माझ्या हातानं वाढलेलं कुणाला जगवत न्हाई. डॉक्टर म्हणतात तुझा आजार जुना होता, त्याचा आणि लोणच्याचा तसा हिशेब न्हाई. ते सांगतात, मी मान हलवतो.

दुसऱ्या दिवशी तू विचारलंस, "तलंगा कशा हायत?"

मी म्हणलो, "बराबर हायत. पाचीच्या पाची."

तू माझ्याकडं बघत राहिलीस. नळी लावलेला हात उचलायचा तुझा इरादा दिसला, पण उचलला न्हाईस. मग विचारलंस, दाणा खाऊन राहिल्या ना? मी म्हणलो, व्हय. तू डोळे मिटलेस. मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेलो आणि जिन्यात उभा राहिलो. त्यानंतर रोज तू विचारलंस, रोज मी तेच सांगितलं. खाटेवर पडलेल्या बाईला काय सांगणार होतो, की तुझं जे झालं तेच तिचं झालं, आणि तिचं मी केलं?

घरी मी ते पोतं बांधून बाजूला टाकलं. डॉक्टरनं सांगितलं होतं, वाढीचा दाणा आणा, तो सगळ्यांना चालतो, अंड्यावरच्यांसाठी शिंपल्याचा नाहीतर टरफलांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, लागंल तशी खातील. तुझं परळ. तुझे रिकामपणाचे उद्योग. पण दुकानात जायचं धाडसच होईना. उद्या त्याच्यात पण काही निघालं तर? मग मी ज्वारी टाकायचो, आणि टाकताना वास घेऊ घेऊ अर्धी मागं ठेवायचो. खरं सांगतो, दोन-चार दिवस तर काहीच टाकलं न्हाई. पाणी ठेवलं आणि नांदेडची बस धरली. उपाशी राहिलेलं बरं, माझ्या हातचं खाण्यापेक्षा, असं वाटायचं. तरी उरलेल्या तिन्ही तलंगा मेल्या न्हाईत, उलट अंग धरू लागल्या. मी म्हणलं, उकरून खात असतील काहीतरी.

मग तू गेलीस. त्याच्यावर मला काही लिहिता येत न्हाई.

तिसऱ्या दिवशी राख सावडून घरी आलो. पुढच्या अंगणात माणसं बसलेली, आणि मागच्या दारी चिवचिव ऐकू आली. तुझ्या लाल कोंबडीनं पिल्लं काढली होती. नऊ. मनीषा बघून रडली. लोक म्हणले, बाई जाता जाता घर भरून गेली. मला आनंद झाला न्हाई, सुमन. मोठ्या कोंबड्या काही झालं तरी चार दिवस तग धरतात. हे नऊ जीव, एकेक मुठीत मावणारे. आणि तुझ्यामागं त्यांना खाऊ घालणारा कोण, तर मी.

मनीषा म्हणली, दादा, हे सगळं शमीममावशीला देऊन टाका आणि परभणीला चला. वाईट सांगत नव्हती ती. माझ्या ओठावर व्हय आलं होतं. दिलं की सुटलो. मेलं तर माझ्या हातानं मेलं न्हाई, एवढं तर होईल. मी तिला म्हणलो, तेरवी होऊ दे.

पिल्लं निघाल्यावर पहिला दिवस त्यांना काही लागत न्हाई, असं शमीमभाभीनं सांगितलं. माझा विश्वास बसेना, मी दर घटकेला जाऊन बघायचो. दुसऱ्या दिवशी त्या निळा डबा घेऊन आल्या. आपल्या फळीवरचाच, त्याच्यात तू पिल्लांचा दाणा ठेवायचीस. खुंटीवरचं डालगं काढलं, अंगणात पालथं घातलं. मग इकडंतिकडं बघून म्हणल्या, भाऊ, इथल्या विटा कुठं हायत?

मी विटा आणून दिल्या. त्यांनी तीन ठिकाणी विटा लावून डालगं त्याच्यावर टेकवलं, खाली छोटी परात सरकवली, पिल्लांचा दाणा टाकला. पिल्लं फटीतून सुरसुर आत गेली. मोठ्या आल्या, माना घालून बघितल्या, अंग काही आत जाईना, निघून गेल्या. तलंगांसाठी विटा कडेवर उभ्या, पिल्लांसाठी आडव्या, एवढाच फरक. एका अंगणात दोन पंगती, भांडण न्हाई, राखण न्हाई. तू कुठून शिकलीस हे? कधी सांगितलंस तरी का मला? सांगितलं असशील. मी मोबाईल बघत असंन.

मी तिथंच मातीत बसलो. शमीमभाभीला सगळं सांगितलं, विटा मी काढल्या, तलंगा मी मारल्या. आणि सुमनला खोटं सांगितलं, ती खोट्यावर गेली. तीस वर्षांत त्या बाईपुढं मी डोळ्यात पाणी आणलं नव्हतं. त्यांनी निळ्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणल्या, "भाऊ, बाईला सब मालूम होतं."

तू मनीषाच्या फोनवरून रोज दुपारी त्यांना फोन करायचीस. पहिली तलंग मेली त्याच दिवशी तुला कळलं होतं. मी काय घालून राहिलो ते तू विचारून घेतलंस. मी निघालो की मागच्या दारानं जायचं, निळ्या डब्यातला दाणा उरलेल्या तलंगांना खुराड्यात वेगळा घालायचा, आणि मी यायच्या आत परात धुऊन ठेवायची, हे तूच सांगितलंस. शमीमभाभीनं तुला विचारलं, भाऊला सांगून टाकू का? तू काय म्हणलीस ते त्यांनी मला तुझ्याच शब्दांत सांगितलं.

"नको शमीम. ते आधीच माझ्यापायी भेलेत. मला कळलं असं त्यांना कळलं तर परत दाण्याला हात लावणार न्हाईत. आणि मी काही आता घरी यायची न्हाई."

सुमन, मला तुझा राग आला. आधी राग आला, बाकीचं मागून आलं. रोज विचारत होतीस, तलंगा कशा हायत, आणि तुला ठाऊक होतं. रोज मला खोटं बोलू दिलंस. एकदा तरी धरायचं होतंस मला. एकदा म्हणायचं होतंस, अहो, विटा ठेवा त्या जागेवर. मी ओरडलो असतो, तू भाजी वाढली असतीस, झालं असतं. त्या नळ्या लावलेल्या अवस्थेत तुला स्वतःचं सोडून माझी लाज सांभाळायची पडली होती. हे कसं फेडू मी? आणि आता घरी यायची न्हाई हे तुला माहीत होतं, तर ते मला न सांगता त्यांना काहून सांगितलंस? हा प्रश्न मला कुणाला विचारता येत न्हाई.

तेरवी झाली. मनीषा दोन दिवस थांबली, मग परभणीला गेली, मी गेलो न्हाई. कोंबड्या कुणाला दिल्या न्हाईत. वाढीचा दाणा आणला, तो मोठ्यांना. पिल्लांचा वेगळा, डालग्याखाली. टरफलं ठेचून परळात. चहा गार होऊन राहिला रोज, आणि बोलायला कुणी न्हाई. पण भेव गेलं असं समजू नको. उलट वाढलं. तू असताना चूक झाली तर निस्तरायला तू होतीस, खाटेवरून का होईना. आता मागच्या दारानं कुणी यायचं न्हाई. शमीमभाभीला मीच सांगितलं, आता तुमी घालू नका, मला घालू द्या. सांगितलं खरं, आणि त्या दिवसापासून पिल्लांची विष्ठा काडीनं उलटीपालटी करून बघत बसतो. पांढरं दिसलं की डॉक्टरला फोन लावतो. पिल्लांचं थोडं पांढरं असतंच, असं डॉक्टर म्हणतात. असंल.

आज सकाळी डालगं उचललं तर एक पिल्लू आडवं पडलेलं होतं. लाल कोंबडी त्याला चोचीनं हलवून राहिली होती. मी ते हातावर घेतलं. थंड होतं. दाणा हुंगला, पाणी बघितलं, काही कळलं न्हाई. डॉक्टरला फोन केला. ते म्हणले, एखादं नाजूक असतं, जातं, तुमचं काही चुकलं न्हाई. त्यांनी तसं म्हणल्यानं माझं काही हलकं झालं न्हाई. माझं चुकलं का न्हाई ते मला कधीच कळायचं न्हाई, आणि उद्या परत त्याच डब्यात हात घालायचा हाय.

तेवढ्यात मनीषाचा फोन आला. तिनं विचारलं, दादा, पिल्लं कशी हायत? माझ्या तोंडात आलंच होतं, बराबर हायत म्हणून. जीभ तिकडंच वळली. मग मी भिंतीला टेकलो आणि म्हणलो, एक मेलं, बाई. कशानं ते ठाऊक न्हाई. तिनं फोन ठेवला न्हाई.

तुला पण सांगतो. दवाखान्यात विचारायचीस त्याचं उत्तर हे हाय. पाचातल्या दोन तलंगा मेल्या, माझ्या हातानं मेल्या. तिघी हायत. नऊ पिल्लांतलं एक आज गेलं. आठ हायत, आणि सकाळपासून उपाशी हायत. उठतो आता, त्यांना दाणा घालायचा हाय.